समुद्राकाठी राहायला जाण्याआधी मे महिन्यातली विहीर बघा

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत ‘सी-व्ह्यू’, ‘बीच टच’, ‘निवृत्तांसाठी खास’ अशा कोकणातल्या प्लॉटच्या जाहिराती हल्ली नेमाने दिसतात. नाशकातल्या मालमत्ता प्रदर्शनांतही कोकणचे स्टॉल असतात आणि तिथे चौकशी करणाऱ्यांत ओझर, सातपूर, नाशिकरोड, देवळालीतून निवृत्त झालेली जोडपी बरीच असतात. जागा बघायला ही मंडळी जातात डिसेंबर-जानेवारीत. तेव्हा हवा गार, विहीर भरलेली, पाणंद कोरडी आणि एजंट निवांत. अशा वेळी जागा चांगली दिसली नाही तरच नवल. किनाऱ्यावरच्या गावाची परीक्षा वर्षात दोनदाच होते, मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात आणि जुलैच्या मध्यावर. त्या दोन्ही वेळी चार-चार दिवस तिथे राहिल्याशिवाय विसार देऊ नये. हे पत्र त्या परीक्षेत नेमके काय बघायचे याबद्दल आहे. लांबले आहे; कात्री लावायची झाल्यास कुठेही लावावी, पाण्याचा आणि सातबाऱ्याचा भाग तेवढा ठेवावा.

पाण्यापासूनच सुरुवात करतो, कारण नाशिककरांची सर्वांत मोठी फसगत तिथे होते. नाशिक शहरात वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या किनाऱ्यावर तीन हजारांच्या घरात. एवढा पाऊस पडतो म्हटल्यावर पाण्याची ददात कसली, असे कुणालाही वाटेल. पण जांभा दगड चाळणीसारखा असतो, जमीन समुद्राकडे उतरती असते आणि पडलेले पाणी बघता बघता खाडीला मिळते. सड्यावरच्या, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावरच्या, वाड्यांना एप्रिल-मेमध्ये टँकर लागतात, ते यामुळेच.

किनाऱ्यालगत आणखी एक भानगड आहे. इथे जमिनीतले गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असते, दुधावर साय असते तसे. समुद्रसपाटीच्या वर गोड्या पाण्याची पातळी एक फूट असेल, तर खाली साधारण चाळीस फूट गोडे पाणी असते. वरची पातळी उपशाने एक फूट उतरली की खालचे खारे पाणी कालांतराने चाळीस फूट वर सरकते. आपल्याकडच्या काळ्या पाषाणात पाणी फटींत असते. बोअर कोरडी गेली की ‘अजून शंभर फूट घ्या’ ही आपली सवय. तीच सवय समुद्रापासून दोनशे मीटरवर वापरली की बोअर थेट खाऱ्या थरात जाते. तुमची तर जातेच, शेजाऱ्याची पिढ्यान्‌पिढ्यांची विहीरही मचूळ होते, आणि मग गावात तुमच्याशी कुणी धड बोलत नाही. किनाऱ्यावर रुंद, उथळ विहीर असावी आणि उपसा लहान पंपाने, थांबून थांबून करावा. ‘प्लॉटला स्वतंत्र बोअर’ हे जाहिरातीतले आकर्षण किनारपट्टीवर धोक्याची खूण समजावे.

तपासणी सोपी आहे. पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर काही शे रुपयांत मिळतो. मेच्या पंधरा तारखेनंतर पहाटे, पंप सुरू होण्याआधी, विहिरीचे पाणी मोजावे. मग अर्धा-पाऊण तास पंप चालवून पुन्हा मोजावे. आकडा जवळपास तोच राहिला तर बरे. पहिल्यांदा चारशे आणि नंतर आठशे-नऊशे दिसला, तर खालून खारे पाणी चढते आहे. पिण्याच्या पाण्यासाठी आयएस १०५०० या मानकात विरघळलेल्या क्षारांची इष्ट मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे. दुसरा स्रोतच नसेल तर २,००० पर्यंत चालवून घेतात. क्लोराइडसाठी हेच आकडे २५० आणि १,००० आहेत. मीटर क्लोराइड वेगळे दाखवत नाही, म्हणून एक लिटरची स्वच्छ बाटली त्याच पाण्याने दोनदा विसळून, काठोकाठ भरून प्रयोगशाळेत द्यावी. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळेत ही तपासणी होते. दोरीला दगड बांधून विहिरीत किती पाणी उरले तेही मोजावे, आणि हे मोजताना शेजारच्या घरातल्या बाईला ‘मे महिन्यात धुणे कुठे नेता?’ असे विचारावे. एजंटाकडून न मिळणारे उत्तर तिथे मिळते.

विहीर बेताची निघाली तर छपराचे पाणी साठवता येते, फक्त हिशोब आधी करावा. हजार चौरस फुटांचे छप्पर आणि तीन हजार मिलिमीटर पाऊस धरला, गळती-उडती वजा केली, तरी सव्वादोन लाख लिटर पाणी पडते. प्रश्न पाण्याचा नसून साठवायच्या जागेचा आहे. दोन माणसांना माणशी १३५ लिटर धरले तर मार्चच्या सुरुवातीपासून १० जूनपर्यंतच्या शंभर दिवसांना २७ हजार लिटर लागतात. म्हणजे दहा फूट लांब, दहा फूट रुंद, दहा फूट खोल टाकी. नुसत्या पिण्या-स्वयंपाकाला दिवसाला पंधरा लिटर धरले तर दोन हजार लिटरची टाकी पुरते. पहिल्या एक-दोन जोरदार सरींचे पाणी सोडून द्यावे, टाकीत उजेड जाऊ देऊ नये, श्वासनळीला डासांची जाळी लावावी. शोषखड्डा विहिरीपासून किमान साठ फूट लांब हवा. पाच गुंठ्यांच्या प्लॉटवर घर, विहीर, शोषखड्डा आणि शेजाऱ्याची विहीर यांची अंतरे कागदावर मांडून बघितली की अनेक प्लॉट तिथेच बाद होतात.

आता सातबारा. निफाड-दिंडोरीचा सातबारा वाचायची सवय असलेल्यांनाही कोकणातला सातबारा दमवतो. तीस गुंठ्यांवर चाळीस नावे, त्यातली निम्मी मुंबईत, काही हयात नाहीत आणि वारसनोंद झालेली नाही, हे तिथे रोजचेच. एका भावाचा ‘सामाईक हिस्सा’ विकत घेतला तर तुम्हाला जागेचा कोपरा मिळत नाही, भावकीतले भांडण मिळते. सगळ्या सहहिस्सेदारांच्या सह्या, बहिणींसकट, किंवा आधी झालेले आणि नोंदलेले वाटप, यातले एक हवेच. मुंबईतल्या हिस्सेदाराच्या वतीने कुणी सही करणार असेल तर कुलमुखत्यारपत्र नोंदणीकृत असावे.

‘इतर हक्क’ हा रकाना सावकाश वाचावा. कुळाचे नाव, ‘कलम ४३ च्या बंधनास पात्र’ हा शेरा, देवस्थानाचे नाव, भोगवटादार वर्ग २ यांपैकी काहीही दिसले तर वकिलाला दाखवल्याशिवाय एक रुपयाही देऊ नये. कोकणात झाडांची मालकी जमिनीपासून वेगळी असू शकते, हेही घाटावरच्या माणसाला माहीत नसते. जमीन तुमची आणि तिच्यातले दोन हापूस चुलत्याचे, असे निघाले की दर मोसमाला माणसे तुमच्या अंगणातून आंबे उतरवायला येणार. आंबा, फणस ही झाडे तोडायला परवानगी लागते, तेव्हा ‘घर बांधताना काढून टाकू’ हाही इलाज नाही.

शेतजमीन असेल तर कूळकायद्याच्या कलम ६३ प्रमाणे खरेदीदार शेतकरी असावा लागतो, नसेल तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी. नाशिक जिल्ह्यातल्या अनेक नोकरदारांच्या नावावर गावाकडे थोडी जमीन असते. तो सातबारा चालतो. पण जमीन वडिलांच्या नावावर आहे आणि खरेदी मुलाच्या नावावर करायची आहे, अशा वेळी शेतकरी असल्याचा दाखला आधी काढून ठेवावा. बिनशेती प्लॉट घ्यायचा तर बिनशेतीचा आदेश, मंजूर रेखांकन आणि स्वतंत्र सातबारा, तिन्ही बघावे. रेखांकनाच्या रंगीत नकाशावर प्लॉट क्रमांक असतो आणि सातबारा मात्र अख्ख्या गटाचा एकच, असे असेल तर तुम्ही गुंठ्यांच्या तुकड्याला पैसे देत आहात. प्रकल्प ५०० चौरस मीटरपेक्षा मोठा आणि आठपेक्षा जास्त प्लॉटचा असेल तर महारेराची नोंदणी लागते. क्रमांक जाहिरातीवरून न घेता संकेतस्थळावर जाऊन पडताळावा. दुय्यम निबंधकाकडचा तीस वर्षांचा शोध आणि भूमी अभिलेखाची ‘हद्द कायम’ मोजणी, ‘क’ प्रतीसह, खरेदीखताच्या आधी. गडगा (दगडी कुंपण) दिसतो तिथेच हद्द असते असे नाही.

रस्ता हा वेगळा विषय. कोकणात घरापर्यंत पाखाडी, म्हणजे पायऱ्यांची पायवाट, असते, गाडी दोनशे फूट अलीकडे थांबते. साठीत हे छान वाटते. पंच्याहत्तरीत स्ट्रेचर त्या पायऱ्यांवरून आणावे लागते. वाट कुणाच्या जागेतून जाते, ती नकाशात आहे की नुसती वहिवाट आहे, हे विचारावे. तुमच्या जागेतून गावाची वाट किंवा शिमग्याच्या पालखीचा मार्ग जात असेल तर कुंपण घालून तो बंद करता येणार नाही, आणि करूही नये.

समुद्राकाठच्या जागेला सीआरझेड, म्हणजे किनारा नियमन क्षेत्राचे नियम, लागू असतात, ते समजून घेतल्याशिवाय किनाऱ्यावर पायच ठेवू नये. १८ जानेवारी २०१९ च्या अधिसूचनेप्रमाणे ग्रामीण किनाऱ्याचे दोन वर्ग केले आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार चौरस किलोमीटरला २,१६१ पेक्षा जास्त वस्ती असलेल्या गावांत भरतीरेषेपासून ५० मीटर, आणि त्याहून विरळ गावांत २०० मीटर, नवे बांधकाम करता येत नाही. कोकणातली बहुतेक गावे दुसऱ्या वर्गातली. हे अंतर मोजले जाते भरतीच्या उच्चतम रेषेपासून. एजंट मोजून दाखवतो ते बहुधा ओहोटीच्या पाण्यापासून, आणि ओहोटी चांगली लागली असेल तर पुळणीतच शे-दीडशे मीटर सरतात. भरतीरेषा डोळ्यांनी ठरत नाही. ती मंजूर आराखड्यात असते आणि गावनकाशाच्या प्रमाणाचा सीआरझेड नकाशा घेऊन त्यावर गट क्रमांक शोधावा लागतो. खाडीकाठालाही असाच नियम आहे, अंतर मात्र वेगळे: खाडीच्या रुंदीइतके किंवा ५० मीटर, जे कमी असेल ते. हजार चौरस मीटरपेक्षा मोठे कांदळवन जवळ असेल तर त्याभोवती आणखी ५० मीटर.

बंदी असलेल्या पट्ट्यातले जुने घर विकत घेऊन दुरुस्त करणे शक्य असते, मात्र ते घर अधिकृत हवे आणि चौथरा वाढवता येत नाही. पहिली अधिसूचना १९ फेब्रुवारी १९९१ ची. घर त्याआधीचे असल्याचा पुरावा म्हणजे ग्रामपंचायतीचा नमुना ८ आणि जुन्या घरपट्टीच्या पावत्या. ‘इथे सगळ्यांनीच बांधलंय’ हे वाक्य ऐकू आले की चहा संपवून उठावे.

स्वस्त प्लॉटांत एक प्रकार खाजणातल्या जमिनीचा असतो. बांध घालून अडवलेली ही पूर्वीची भातखाचरे. वर दोन-तीन फूट मुरूम टाकला की जानेवारीत सपाट, देखणा प्लॉट दिसतो. खाली चिखल असतो. घर एका बाजूने बसते, भिंतीला तिरकी चीर जाते. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला वरून पाऊस लागला की बांधाच्या आतले पाणी बाहेर निघत नाही. जुलैमध्ये अमावास्येनंतर दोन दिवसांनी, भरतीच्या वेळी तिथे उभे राहून बघावे. दुसरे काही तपासायची गरज उरत नाही.

वादळांबद्दल थोडे. ३ जून २०२० चे निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या पट्ट्यात जमिनीवर आले आणि मुरुड, म्हसळा, मंडणगड, दापोलीपर्यंत नारळी-पोफळीच्या वाड्या झोपवून गेले. मे २०२१ मध्ये तौक्ते किनाऱ्याला समांतर गेले. पत्र्याचे छप्पर असेल तर कडेच्या ओळींना जे-हुक जवळ जवळ हवेत. वारा पत्रा कडेपासून उचलतो, मधून नव्हे. धुपीचा प्रश्न काही ठिकाणी कायमचा आहे: मालवणजवळचे देवबाग एका बाजूला कर्ली नदी आणि दुसऱ्या बाजूला समुद्र अशा चिंचोळ्या पट्टीवर वसले आहे, रत्नागिरीजवळ मिऱ्या-पंधरामाडला वर्षानुवर्षे बंधारे घालावे लागत आहेत. जिथे सरकारने धूपप्रतिबंधक बंधारा घातला आहे तिथे समुद्र जमीन खातो, एवढा अर्थ त्यातून काढता येतो.

तयार फ्लॅट घेणाऱ्यांसाठी एक खूण. इमारत पाच-सात वर्षांची असेल तर खिडकीवरच्या छज्जाची खालची बाजू आणि पार्किंगमधल्या कॉलमचे तळ बघावेत. सळईच्या रेषेत केसासारखी चीर आणि तिच्याकडेने तांबूस डाग दिसला, तर खारी हवा सळईपर्यंत पोचली आहे. गंजलेली सळई फुगते, काँक्रीट फोडते, आणि वरून कितीही रंग मारला तरी ती फुगायची थांबत नाही. याचे कारण बहुधा कव्हर, म्हणजे सळईवरचा काँक्रीटचा थर, कमी असणे. आयएस ४५६ प्रमाणे किनारी हवेत एम ३० प्रतीचे काँक्रीट आणि सळईवर ४५ मिलिमीटर कव्हर लागते. थेट खारे तुषार येत असतील तर एम ३५ आणि ५० मिलिमीटर. गावातल्या कामावर घमेल्याने मापून, पाणी सढळ ओतून, खाली दगडाची चीप सरकवून स्लॅब ओततात. तिथे कव्हर वीस-पंचवीस मिलिमीटर मिळाले तरी नशीब. नवीन बांधताना ठेकेदाराला तीन गोष्टी लेखी द्याव्यात: ४५ मिलिमीटरचे सिमेंटचे कव्हर ब्लॉक, खाडीची वाळू नको, मचूळ विहिरीचे पाणी काँक्रीटला आणि पाणी मारायलाही नको. स्लॅग सिमेंट मिळाले तर उत्तम.

त्याहून शहाणपणाचे म्हणजे चिऱ्याच्या भिंती, उतरते कौलारू छप्पर, पश्चिमेला रुंद पडवी आणि पावसाळ्याआधी तिला झाप (माडाच्या विणलेल्या झावळ्यांचा आडोसा). यात गंजायला लोखंड कमीच असते. बिजागऱ्या, कड्या, नळ यांना ३०४ प्रतीचे स्टीलही किनाऱ्यावर डाग धरते. ३१६ मागावे किंवा पितळ वापरावे. छपरावर सोलर बसवणाऱ्यांनी लक्षात घ्यावे की बॅटरीशिवायचे ऑन-ग्रिड सोलर वीज गेली की स्वतःही बंद पडते. पावसाळ्यात वीज जाते तेव्हा एक दिवसही जाते, दोन दिवसही जाते.

एवढे सगळे जमले तरी गाव निवडताना मी समुद्राचे अंतर शेवटी मोजेन आणि दवाखान्याचे आधी. हृदयविकाराच्या झटक्यात मिनिटे मोजावी लागतात. पक्षाघातात गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साडेचार तासांच्या आत मिळावे लागते, आणि त्याआधी सीटी स्कॅन व्हावा लागतो. म्हणून रुग्णालयात जाऊन तीनच प्रश्न विचारावेत. कॅथलॅब (हृदयाच्या रक्तवाहिन्यांतला अडथळा काढण्याचा विभाग) रात्री चालते का? सीटी स्कॅनचा तंत्रज्ञ रात्री असतो का? हृदयरोगतज्ज्ञ मुक्कामी आहेत की येऊन-जाऊन? बाहेरच्या पाटीवर डॉक्टरांच्या नावापुढे ‘दर मंगळवारी व शुक्रवारी’ असे लिहिलेले असेल तर तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर तिथेच मिळाले. फुरसे चावल्यावरची लस ग्रामीण रुग्णालयात आहे का, हेही जाता जाता विचारावे. जांभ्याच्या सड्यांवर हा साप सर्रास असतो. वाट मोजताना फेरीबोट धरू नये. दाभोळ-धोपावे, वेसवी-बागमांडला, जयगड-तवसाळ, दिघी-आगरदांडा या फेऱ्यांनी दिवसा तास-दोन तास वाचतात, पण रात्री आणि वादळी हवेत त्या बंद असतात. माजी सैनिकांनी ईसीएचएसचे आणि केंद्रीय कर्मचाऱ्यांनी सीजीएचएसचे कोणते केंद्र त्या गावाला लागते, ते इथूनच विचारून निघावे. सत्तरी ओलांडलेल्यांनी आयुष्मान वय वंदना कार्ड काढलेले असेल तर त्या जिल्ह्यातली संलग्न रुग्णालयांची यादी काढून घ्यावी.

या कसोटीवर माझी पसंती सांगतो. कुणाला पटणार नाही, चालेल. नाशिकचा संबंध ठेवायचा असेल तर रत्नागिरी शहर आणि त्याचा परिसर पहिला. २०२३ पासून तिथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, रेल्वे स्टेशन शहराला लागून आहे आणि मंगला एक्सप्रेस नाशिकरोडवरून थेट तिथे जाते. गाडी बदलावी लागत नाही, ही साठीनंतर लहान गोष्ट नाही. मात्र पावसाळ्यात कोकण रेल्वेचे वेळापत्रक वेगळे असते, गाड्या सावकाश धावतात, आणि मोठ्या उपचाराला कोल्हापूरला न्यायचे तर आंबा घाट ओलांडावा लागतो. दुसरा पर्याय कुडाळ-सावंतवाडी-वेंगुर्ल्याचा. गोव्याचे बांबोळी रुग्णालय दोन तासांच्या आत, मोपा विमानतळ त्याहून जवळ. परदेशात मुले असलेल्यांना हे सोयीचे. दमटपणा सोसत नसेल तर दापोली. समुद्रापासून थोडे आत, सुमारे अडीचशे मीटर उंचीवर, बाजारपेठ आणि कृषी विद्यापीठ असलेले गाव. स्टेशन मात्र खेडला, तीस किलोमीटर खाली.

डहाणू-बोर्डी नाशिकला सर्वांत जवळ, त्र्यंबक-मोखाडा-जव्हारमार्गे दीडशे किलोमीटरच्या आसपास. चिकूच्या वाड्या, पारशी-इराणी वळणाची जुनी घरे, पाऊसही दक्षिणेपेक्षा कमी. पण तोरंगण घाटात जुलैमध्ये समोरची गाडी दिसत नाही. शिवाय डहाणू तालुका २० जून १९९१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील आहे, डहाणू-तलासरीत नोव्हेंबर २०१८ पासून भूकंपाचे लहान धक्के बसत आले आहेत, आणि वाढवण बंदराचे भूमिपूजन ३० ऑगस्ट २०२४ ला झाले आहे. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत तो किनारा शांत राहील, असे धरून तिथे जाऊ नये. अलिबागच्या जागांच्या किमती मुंबईच्या पैशाने ठरतात. निवृत्तीवेतनावर त्या शर्यतीत उतरण्यात अर्थ नाही. दिवेआगर, गुहागर, देवगड ही गावे मला मनापासून आवडतात, आणि तिथे आठ-आठ दिवस जाऊन राहावे असेच मी सांगेन.

गावातली जागा कुठे घ्यावी? तालुक्याच्या गावात, बाजारापासून चालत दहा मिनिटांवर, समुद्रापासून पाच-दहा किलोमीटर आत. रोज संध्याकाळी समुद्रावर जायला एसटी असतेच, आणि पंच्याहत्तरीनंतर ती फुकट आहे. हा निकष लावायचे कारण उघड आहे. दोघांपैकी एक जण आधी जाणार, आणि मागे राहणाऱ्याला गाडी चालवता येत नसेल तर वाडीतले ते घर त्याच्यासाठी बेट होते. जागा ठरवताना ‘मी एकटी इथे राहीन का?’ हा प्रश्न बायकोने मोठ्याने विचारावा आणि नवऱ्याने तो हसण्यावारी नेऊ नये.

नाशिकचे घर लगेच विकू नये. ते विकून आलेल्या भांडवली नफ्यावर करसवलत हवी असेल तर तयार घर दोन वर्षांत घ्यावे लागते किंवा नवे तीन वर्षांत बांधून पूर्ण करावे लागते. नुसता प्लॉट घेऊन ठेवल्याने सवलत मिळत नाही. कोकणात बांधकामाचे महिने आठ, ऑक्टोबर ते मे. त्यातून मोजणी, बिनशेती, सीआरझेडची परवानगी यांचा वेळ वजा केला तर तीन वर्षांतले काम दोन मोसमांत उरकावे लागते आणि मग ठेकेदार म्हणेल ती वाळू चालवून घ्यावी लागते.

त्यापेक्षा पहिले वर्ष भाड्याने राहावे. नाशिकचे घर भाड्याने देऊन तिकडचे भाडे सहज निघते. लिव्ह अँड लायसन्स करार नोंदवावा, पोलीस ठाण्यात माहिती द्यावी, आणि तारीख नीट निवडावी. अकरा महिन्यांचा करार १ जूनला सुरू केला तर तो ३० एप्रिलला संपतो, म्हणजे ज्या महिन्यासाठी हा सगळा खटाटोप तो मेच हातातून जातो. करार १ जुलैला सुरू करावा. तो ३१ मेला संपतो.

आपला,
एक वाचक
(सेवानिवृत्त स्थापत्य अभियंता)
गंगापूर रोड, नाशिक